शेवटची दहा मिनिटं

८ जानेवारी, शनिवार

आज पुन्हा एकदा सगळ्यांची दांडी गुल केली. फार बरं वाटलं.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांना अक्कल शिकवतात. मी सिनेमा क्लब काढला. पंख्यांच्या कारखान्यात जन्मभर तपासणी विभागात होतो, त्यामुळे माल पास करण्यात काही मजा नसते हे मला पक्कं ठाऊक आहे. सगळ्यांना कळतील असे सिनेमे आमच्याकडे लागत नाहीत. डोकं गरगरायला लावणारे, कुणी न पाहिलेले, काढणाऱ्याच्या आईनेसुद्धा अर्ध्यात सोडलेले सिनेमे मी हुडकून आणतो. त्यासाठी रोज दुपारी ढिगाने सिनेमे चाळतो आणि त्यातले बहुतेक नापास करतो.

नियमही माझाच आहे. शेवटची दहा मिनिटं उरली की मी सिनेमा थांबवतो, दिवा लावतो, आणि प्रत्येकाने आपापल्या मते शेवट काय ते सांगायचं. मग खरा शेवट दाखवायचा. ज्याचा शेवट सर्वांत चुकला, त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. कुणाचा चुकला हे अर्थातच मी ठरवतो. कप मात्र आजवर हीच धूत आली आहे. "राहू द्या हो, फोडाल," म्हणते आणि ट्रे उचलून आत नेते. त्यामुळे शिक्षा नावापुरती आणि फजिती मात्र खरी.

आजच्या सिनेमात एक माणूस आणि एक भिंत, एवढंच होतं. भिंतीतून त्याला स्वतःचाच उद्याचा आवाज ऐकू येतो. दातांचे डॉक्टर म्हणाले, "हे सगळं स्वप्न असणार." त्यांचं दर वेळी स्वप्नच असतं. गणिताच्या बाईंनी काहीतरी फळ्यावर लिहिल्यासारखं सांगितलं. पोस्टमास्तर निम्मा सिनेमा झोपलेले. उठवलं तर म्हणाले, "शेवटी दोघांचं लग्न होतं." भिंतीशी! हसून हसून पुरेवाट झाली.

चहाच्या वेळी मी आमच्या लग्नानंतरचा किस्सा सांगितला. पहिल्यांदा हिला सिनेमाला नेलं होतं, तर ही भर थिएटरात मोठ्याने विचारते, "अहो, हा मागच्या सिनेमात मेला होता ना? मग इथे कसा हिंडतोय?" डॉक्टरांच्या तोंडातून चहा उडाला. किस्सा दर वेळी रंगतो. ही दारात उभी राहून हसत होती.

११ जानेवारी

प्रोजेक्टर हिच्या शिवणयंत्रावर असतो. पुढची खोली पूर्वी हिची शिवणाची खोली होती, आणि पायमशीनचं झाकण मिटलं की उंची अगदी बरोबर येते. आज ही म्हणाली, "आठवड्यातले चार दिवस तरी तो खाली ठेवाल का? लोकांचे कपडे अडलेत." मी म्हटलं, एकदा लावलेला कोन हलवता येत नाही. लोकांना सांग, आता नजर पूर्वीसारखी राहिली नाही. यावर ती कपड्यांचा गठ्ठा उचलून आत गेली. पटलं असावं.

दुपारी चहाच्या वेळी फुटक्या दांडीचा कप पुढे सरकवून मी म्हटलं, हा घे तुझा कप. ती म्हणाली, "हा कप माझा नाही. दांडी फुटलीय म्हणून तो माझ्या वाट्याला येतो." वाक्य बरं होतं. एखाद्या सिनेमात शोभलं असतं, म्हणून इथे टिपून ठेवतोय. नंतर विसरायला होतं.

२२ जानेवारी, शनिवार

घोळ झाला. पोस्टमास्तर तापाने आले नाहीत. सिनेमा थांबवल्यावर डॉक्टरांनी उगाच काडी केली. "एक गडी कमी आहे, वहिनींना विचारू या की!" ही ट्रे घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, विचारा, चार घटका करमणूक.

सिनेमा मी महिनाभर जपून ठेवलेला. एक माणूस रोज संध्याकाळी कामावरून घरी येतो आणि रोज घरातली एक खोली कमी झालेली असते. कुठे गेली, कशी गेली, काही पत्ता नाही. बाकीच्यांनी स्वप्न, भास, गणितातली कुठलीशी मालिका असं काहीबाही सांगितलं.

ही म्हणाली, "खोल्या त्याची बायको नेतेय."

मी म्हटलं, "कोण बायको? सिनेमात बायको आहेच कुठे?"

"आहे की. मागे उभी असते. हातात ट्रे असतो."

बाई म्हणाल्या, थोडं मागे न्या. नेलं. होती. पाठमोरी, अंधुक, एका कोपऱ्यात. नंतर प्रत्येक दृश्यात निघाली. मी तो सिनेमा कितीतरी वेळा पाहिला आहे.

"तो घरी आला की सगळ्या खोल्या हिंडतो, पण तिला एकदाही हाक मारत नाही," ही म्हणाली. "म्हणून ती एकेक खोली नेते. एकदम नाही नेत. शिवण उसवायची तर ओढायची नसते, कापड फाटतं. एकेक टाका कापत जायचं. शेवटचा टाका तुटेपर्यंत कपडा अंगात असलेल्या माणसालाही कळत नाही."

मी विचारलं, "आणि नवऱ्याला काहीच पत्ता नाही? इतका ठार बावळट नवरा असतो तरी कुठे?"

सगळे हसले. सर्वांत जास्त हीच हसली, डोळे पुसून पुसून.

खरा शेवट असा की तो माणूस मोकळ्या जागेत हातात किल्ली धरून उभा राहतो. बाई म्हणाल्या, "यापेक्षा वहिनींचा बरा होता." डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या घरात, माझ्या सिनेमाला, हिला टाळ्या! मी हिचा शेवट नापास केला. पुरावा नाही, कारण नाही, नुसते कल्पनेचे इमले.

२५ जानेवारी

तीन दिवस तेच डोक्यात आहे. आपल्याला खूप कळतं असं तिला वाटू लागलं तर कठीण होईल. खोड वेळीच मोडलेली बरी. असा सिनेमा शोधतो की तोंड उघडायची सोय उरणार नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार

शोधला. एका बाईला रुग्णालयात दाखल करतात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेजण तिला नर्स समजून कामं सांगतात. ती ओरडून सांगते की मी आजारी आहे. कुणी ऐकत नाही. हळूहळू ती औषधं वाटू लागते, चादरी बदलू लागते. शेवटी ती खरी कोण, हे प्रेक्षकालाही कळू नये अशी रचना आहे. अप्रतिम! जगात फार तर मूठभर लोकांनी पाहिला असेल.

आज हिला मी मुद्दाम खुर्ची दिली. समोर बसवलं. म्हटलं, "आमच्या विदुषी आता प्रकाश पाडतील." पोस्टमास्तर तेवढे खोकले.

ही म्हणाली, "ती आजारीच आहे. पण इतक्या चादरी बदलल्यावर तिला कुठली किल्ली कुठे असते ते सगळं माहीत झालंय. एक दिवस ती आपल्या घरी जाण्याच्या कागदावर आपणच सही करते. दारावरचा माणूस तिला सलाम ठोकतो, कारण त्याला वाटतं नर्स निघालीय."

मी तिला फाडून खाल्लं. आजारी बाई जाणार कुठे? खाणार काय? बाहेर तिला ओळखतं कोण? इतकी वर्षं एका जागी राहिलेल्या माणसाला साधा रस्ता ओलांडता येत नाही. तिची बँकेची स्लिपसुद्धा मलाच भरून द्यावी लागते, याची मी तिला सगळ्यांसमक्ष आठवण करून दिली. मग थिएटरचा किस्सा सांगितला. आज कुणी हसलं नाही. लोकांची विनोदबुद्धी दिवसेंदिवस खालावत चालली आहे.

हिचा शेवट सर्वांत चुकीचा ठरवून कप धुण्याची शिक्षा रीतसर जाहीर केली. ही म्हणाली, "बरं." गणिताच्या बाई तिच्या मदतीला उठल्या. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तरी गेल्याच. बराच वेळ दोघी आत होत्या. नळाचा आवाज मात्र येत नव्हता. बायकांना गप्पा मारायला निमित्तच हवं असतं.

१३ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. हिने आपणहून मशीनचा विषय संपवला. म्हणाली, पट्टा सैल झालाय, दुरुस्तीला देते. दातांच्या डॉक्टरांनी आपली मोठी गाडी आणली, स्वतः बाह्या सरसावून उचलायला हात लावला. माणूस भला आहे, सिनेमा कळत नसला तरी. मी जिन्यात वर उभं राहून, कोपरे भिंतीला घासू नका एवढं सांगत होतो. प्रोजेक्टरसाठी आता नीट टेबल घेता येईल. ते मशीन परत आलं नाही तरी हरकत नाही, असं मी हिला म्हटलंही. ती म्हणाली, "मलाही तसंच वाटतं."

शेवटी माणूस सुधारतो. धीर धरावा लागतो.

१९ फेब्रुवारी, शनिवार

खेळ झाला. सिनेमा चांगला होता, चर्चा नाही. सगळे कसल्यातरी घाईत. हिला विचारलं तर म्हणाली, "आज मला काही सुचत नाही." जिरली म्हणायची.

खोली आता किती ऐसपैस दिसते! हिच्या आईचा फोटोही भिंतीवरून उतरलाय, काच तडकली म्हणून दुरुस्तीला दिलाय म्हणे. त्याच्या जागी चौकोनी डाग राहिला आहे. तिथे पडदा सरकवला तर चित्र आणखी मोठं दिसेल. मोजून पाहिलं पाहिजे.

२६ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. तिचा दर रविवारचा फोन आज शनिवारीच, आणि तोही मला. एरवी "आईला द्या" याच्यापलीकडे संभाषण जात नाही.

"बाबा, आई कशी दिसतेय तुम्हाला?"

"म्हणजे काय? आहे तशी आहे."

"आज काय नेसलीय, घातलंय तिनं?"

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, सिनेमाची पटकथा लिहितेस का? ती म्हणाली, "तुम्ही सिनेमातलं इतकं बारीक बघता बाबा, एकदा तिच्याकडे बघा. आत्ता. फोन ठेवून." तिचा आवाज भरून आल्यासारखा वाटला. जावयाशी भांडली असेल.

मफलर शोधायला हिचं कपाट उघडलं. अर्ध्याहून अधिक रिकामं. हँगर नुसते टांगलेले. विचारलं तर म्हणाली, जुनं सगळं काढून टाकतेय. उत्तम. मी कारखान्यात हेच सांगायचो, निकामी माल साठवून ठेवू नका.

मग आठवलं म्हणून हिच्याकडे पाहिलं. निळं काहीतरी घातलं होतं. किंवा हिरवं.

५ मार्च, शनिवार. सकाळ

आज संध्याकाळी माझ्या संग्रहातला सर्वांत अवघड सिनेमा. एकच संध्याकाळ पुन्हापुन्हा घडते. तेच कुटुंब, तेच टेबल, तेच बोलणं. फक्त दर खेपेला आणखी एक खुर्ची रिकामी असते आणि उरलेल्यांना कधी ती भरलेली होती हेच आठवत नाही. शेवट कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. हिला मी आज पुन्हा बसवणार आहे. लोकांना कळू दे, मागच्या खेपेला तोंडाला कुलूप का लागलं ते.

ही सकाळपासून ओटा घासतेय. फळ्यांवर नवे कागद घातले, माझ्या गोळ्या डब्यांत दिवसवार लावून ठेवल्या. पाहुणे येणार म्हटलं की हिला उत्साह येतो.

५ मार्च. नंतर

क्रमाने लिहितो. क्रम चुकला की सगळंच चुकतं.

सगळे वेळेवर आले. पोस्टमास्तर एकदाही झोपले नाहीत. टेबलाभोवती एकच भरलेली खुर्ची उरल्यावर मी सिनेमा थांबवला, दिवा लावला. डॉक्टर म्हणाले, "आज मी पास." बाई म्हणाल्या, "मीही." पोस्टमास्तरांनी नुसती मान हलवली. मी म्हटलं, हा काय प्रकार? शेवट सांगायचा नसेल तर घरी बसा. मग हिच्याकडे वळलो. "बोला. तुमच्याकडे तर शेवटांचं कोठारच आहे."

हिने ट्रे खाली ठेवला. चहा सगळ्यांना देऊन झाला होता.

"मला पूर्वी एक कळायचं नाही," ती म्हणाली. "एका सिनेमात मेलेलं माणूस दुसऱ्या सिनेमात हिंडतं-फिरतं कसं? मी विचारलं होतं. तुम्ही अजून सांगता सगळ्यांना."

मी म्हटलं, "सांगतो. किस्साच तसा आहे."

"आता कळलं. ते मेलेलं नसतंच. त्या सिनेमातलं त्याचं काम संपलेलं असतं, एवढंच. ही बाई शेवटच्या खेपेला चहा देते, कप ठेवते आणि उठते. नवरा दहा मिनिटं पडद्याकडे बघत असतो. तेवढ्यात ती दुसऱ्या सिनेमात जाते."

"आणि तो तिला अडवत नाही?"

"त्याला शेवट बघायचा असतो."

मी खदखदून हसलो. एकटाच. म्हटलं, शून्य. यात ताण नाही, भांडण नाही, दार आपटणं नाही. बायको जाते आणि नवरा सिनेमा बघत बसतो? कुठला प्रेक्षक विश्वास ठेवील? मग दिवा मालवला आणि शेवटची दहा मिनिटं लावली.

मध्येच कडी वाजल्याचा आवाज आला. मला वाटलं, सिनेमातलीच. आवाजाचं काम किती बारकाईने केलंय, असं मी मनात म्हटलं.

दिवा लावला तर हिची खुर्ची रिकामी. मी आत हाक मारली, "अगं, कप घेऊन जा." तीनदा मारली. मग वळलो तर तिघेही माझ्याकडे बघत होते. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

बाई म्हणाल्या, "त्यांचा शेवट बरोबर आला."

मी म्हटलं, "कुठे गेलीय ती? तुम्हाला माहितीय?"

"मशीन जिथे गेलं तिथे," डॉक्टर म्हणाले. "फोटोही तिथेच आहे. खोली चांगली आहे, उजेड भरपूर आहे. पण पत्ता तुम्हाला द्यायचा नाही असं त्यांनी सांगितलंय."

"तुम्ही माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन..."

"चहा वहिनींचा होता साहेब," पोस्टमास्तर म्हणाले आणि चपला शोधू लागले.

जाताना डॉक्टर दारात थांबले. मला वाटलं, माफी मागतात. म्हणाले, "तुम्ही त्यांचा शेवट शून्य ठरवलात. म्हणजे आज सर्वांत चुकीचे तुम्ही. कप तुमचे."

कप धुतले. नियम म्हणजे नियम. घासणी कुठे असते ते सापडलं नाही, हातानेच धुतले. एक फुटला.

६ मार्च

लेकीला फोन केला. "आई माझ्याकडे नाही. आणि कुठे आहे ते मी सांगणार नाही." मी म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "बाबा, मी तर तुम्हाला फोनच केला होता." आणि ठेवून दिला. ही पोरगी लहानपणी माझ्या बाजूने असायची.

१९ मार्च, शनिवार

खुर्च्या मांडल्या. सिनेमा काढून ठेवला. कुणी आलं नाही.

मग मी तो खुर्च्यांचा सिनेमा पुन्हा लावला. शेवटची दहा मिनिटं, डोळे मिटून, फक्त आवाज ऐकत. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा ऐकली. त्यात कुठेही कडी वाजत नाही.

मला रडू आलं. हे लिहायला नको होतं, पण दैनंदिनीत खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला? घरात आवाज नाही. ती असतानाही नसायचाच. मग हा वेगळा का वाटतो?

२३ मार्च

सापडलं! इतके दिवस घर उलथंपालथं करत होतो, तिने मागे काय ठेवलंय ते शोधायला. कपाट, माळा, मोरी, सगळं बघून झालं. सुई-दोरा सोडा, एक हेअरपिनसुद्धा मागे ठेवली नाही. काम सफाईचं आहे, तपासनीस म्हणून एवढं कबूल करावं लागेल.

आणि आज साखरेच्या डब्यामागे, फळीवर, तिचा कप. फुटक्या दांडीचा.

आता सगळं स्पष्ट झालं. कायमची जाणारी बाई स्वतःचा कप मागे ठेवून जात नाही. बाकी सगळं नेलं आणि नेमका हाच ठेवला, तोही पुसून, उपडा घालून. डॉक्टर आणि बाईंच्या हे लक्षातच आलेलं नाही. त्यांना वाटतं शेवट झाला. सिनेमा बघायला नजर लागते.

संध्याकाळी त्यात चहा घेऊन पाहिला. दांडी नसल्याने बोटं पोळतात, नीट धरता येत नाही. घासून परत जागेवर ठेवला आहे. आली की पहिला चहा मीच करीन आणि तिला तिच्या कपातच देईन.